बोटांवरचं पाणी

आग्निया पाव्लोव्ना कुणाच्याही घरी गेली की आधी रेडिएटरला हात लावायची. अंगातला कोट उतरवायच्या आधी, बर्फाने भिजलेले बूट काढायच्या आधी. "वरून गार आहे, आत हवा अडकलीय," असं यजमानाला ऐकवायची आणि मगच बाळबाळंतिणीची चौकशी. लोक हसायचे, पण ती गेल्यावर पाना घेऊन हवा काढायचे, आणि रेडिएटर खरंच वरपर्यंत तापायचा.

आमचं गाव मॉस्कोपासून गाडीने तासाभरावर. गावातली निम्मी माणसं अंतराळ नियंत्रण केंद्रात, उरलेली निम्मी त्यांच्यावर चिडलेली. केंद्रातल्या माणसांना आपण फार मोठं काही करतोय असं वाटतं, आणि घरी मात्र त्यांना बटाटेसुद्धा नीट सोलता येत नाहीत. आग्निया त्यातली नव्हती. वोल्गाकाठच्या एका गिरणगावातून ती शिकायला आली, इथल्याच एका इंजिनिअरशी लग्न केलं, मूलबाळ झालं नाही. केसांचा घट्ट अंबाडा, आवाज जरा जाड, आणि बोलणं असं तुटक की नवख्याला वाटावं बाई भांडायलाच आलीय.

तिचं काम होतं उष्णतेचं. 'बेरेग' नावाचं आमचं स्थानक वर्षानुवर्षं पृथ्वीभोवती फिरत होतं. आत यंत्रं तापतात, माणसं तापतात, आणि त्या उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. म्हणून भिंतींच्या मागून नळ्या फिरवलेल्या, नळ्यांतून ग्लायकॉल नावाचा विषारी द्रव वाहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या पत्र्यांवर नेऊन टाकतो. असे दोन फेरे होते. एक केव्हाच बिघडून बंद पडला होता. उरला दुसरा. त्याच्यावर स्थानक जगत होतं, स्थानकात दोन माणसं जगत होती, आणि खाली हॉलमध्ये चौथ्या रांगेतल्या टेबलाशी बसून आग्निया त्याच्या दाबाकडे बघत असायची. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईसारखी, असं कुणी म्हटलेलं तिला खपलं नसतं. पण होतं ते तसंच.

तिच्या टेबलावर एक शब्द बंद होता. 'नोर्मा'. सगळं ठीक, काळजी नको, असा त्याचा अर्थ. आमच्या धंद्यात हा शब्द माणसं श्वासासारखी वापरतात. डॉक्टरने विचारलं की नोर्मा, कारण दुसरं काही बोललात तर तुमचं उड्डाण गेलं. मग ती सवय घरात शिरते. पोरगा नापास होऊन आला, नोर्मा. सासूशी भांडण झालं, नोर्मा. आग्नियाचा नवरा ग्लेब दोन हिवाळे खोकत होता. कसं वाटतंय विचारलं की नोर्मा. हॉस्पिटलात नेलं तेव्हा जिना उतरताना तो तेच म्हणाला आणि त्याच आठवड्यात गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. बाईने तेव्हापासून त्या शब्दाशी वैर धरलं. टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, आकडा सांगा, नाहीतर डोळ्यांना काय दिसतं आणि हाताला काय लागतं ते सांगा, नोर्मा म्हणजे काहीच न सांगणं.

येफिम लाप्शिन हा तिचा विद्यार्थी. लाप्शिन या नावात लाप्शा, म्हणजे शेवया, दडलेल्या आहेत, त्यामुळे सगळं केंद्र त्याला शेवया म्हणायचं, आणि तो होताही तसाच लांब आणि लवलवता. आग्निया मात्र त्याला फीमा म्हणायची. उड्डाण-अभियंता म्हणून निवड झाल्यावर आपली पाळी यायची वाट बघण्यात त्याचं तारुण्य गेलं. राखीव माणूस म्हणून त्याने चार वेळा पोशाख चढवला आणि चारही वेळा उतरवून घरी आला. बायको कंटाळून माहेरी गेली. तो तक्रार करायचा नाही. आग्नियाच्या टेबलाशी येऊन बसायचा आणि नळ्यांबद्दल विचारत राहायचा.

तिने त्याला एक गोष्ट हातात धरून शिकवली. स्थानकाच्या गार भिंतींना घाम येतो. वर पाणी खाली ओघळत नाही, पत्र्यामागे गोळे होऊन चिकटून बसतं. ते पाणी आहे की नळीतून गळलेला ग्लायकॉल, हे नुसतं बघून कळत नाही. नाकाचा उपयोग नाही, कारण वर गेल्यावर नाकं चोंदतात. मग बोटं. अंगठा आणि तर्जनीत थेंब चोळायचा. पाणी असेल तर बोटं एकमेकांना धरतात आणि सुकतात. ग्लायकॉल असेल तर सरकतात, तेल लावल्यासारखी. ती दोन बशा मांडायची, फीमाचे डोळे आपल्या रुमालाने बांधायची आणि बशा अदलाबदल करायची. तो एकदाही चुकला नाही. "माझी बोटं माझ्यापेक्षा हुशार आहेत," असं तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, ते काही फार कठीण नाही.

अखेर त्याची पाळी आली. कमांडर रोदिओन बसार्गिनबरोबर तो वर गेला. सहा महिन्यांची मोहीम होती. पहिल्या संपर्कात त्याने आग्नियाला पाच आकडे सांगितले, न विचारता, आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच लोकांनी तिला हसताना पाहिलं.

महिना झाला नसेल, दाब उतरू लागला.

थोडा थोडा उतरत होता, पण रोज. आग्नियाने गणित मांडलं. थंडीने द्रव आकसतो आणि दाब पडतो, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. त्या आठवड्यात दमलेल्या बॅटऱ्या भरून घ्यायला स्थानकाची कूस बदलली होती आणि नळ्यांची बाजू सावलीत गेली होती. सावलीचा हिशेब तिने केला. तरी दाबाची उतरण त्याहून जास्त निघाली. म्हणजे कुठेतरी गळतंय. हवेत ग्लायकॉलची वाफ जाणार, ती श्वासात जाणार, आणि हवेतला ओलावा गोळा करून वर प्यायचं पाणी बनवतात, म्हणजे ती पोटातही जाणार. मूत्रपिंडं कामातून जातात.

फीमा आणि रोदिओन पत्रे उचकटून शोधू लागले. विजेरी तोंडात धरून, जुने गंजीफ्रॉक फडक्यासारखे वापरून. पत्र्यामागे वर्षानुवर्षांची धूळ, तुटलेले स्क्रू, कुणाचा तरी हरवलेला चमचा. दोघांचे डोळे लाल झाले. ते धुळीने झाले की वाफेने, हे खालून कोण सांगणार? उड्डाणप्रमुख कोन्द्रात इल्यिच हॉलमध्ये येरझारा घालत होता. जाडजूड, सदा घामेजलेला, मनाने भला माणूस. पूर्वी कधीतरी एका निर्णयाला त्याने एक दिवस जास्त घेतला होता आणि एका माणसाच्या विधवेला जाऊन भेटायची वेळ त्याच्यावर आली होती. तो त्याबद्दल बोलत नसे, पण तेव्हापासून वाट बघणं त्याला सोसत नव्हतं.

दुपारच्या संपर्कात आवाज चिरकत होता. दहाएक मिनिटांत स्थानक क्षितिजाखाली जाणार होतं. आग्नियाने माइक मागून घेतला.

"फीमा, थेंब मिळाले?"

"मिळालेत. पंपाच्या मागच्या पत्र्याखाली. भिंतीला गोळे चिकटलेत."

"बोटावर घे. सरकतंय का?"

खरखर झाली. मागे रोदिओन कशावर तरी ओरडत होता. मग फीमाचा आवाज आला, सपाट, दमलेला.

"नोर्मा."

आणि संपर्क तुटला.

हॉलमध्ये कुणाला त्यात काही वाटलं नाही. दिवसातून शंभरदा ऐकू येणारा शब्द. आग्नियाने मात्र माइक सोडला नाही. इतक्या वर्षांत या मुलाने तिला तो शब्द एकदाही ऐकवला नव्हता. तिला जिना दिसला, ग्लेबचा कठड्यावरचा हात दिसला. पोरगा लपवतोय, असं तिच्या मनाने घेतलं. पाचव्या खेपेला वर पोचलाय, खाली यायचं नाहीये त्याला, त्यापेक्षा विष पचवीन म्हणतोय.

पुढच्या फेरीला स्थानक वर आलं तेव्हा तिने पुन्हा विचारलं. आता आवाज स्वच्छ होता. फीमा म्हणाला, "चोळून बघितलं, आग्निया पाव्लोव्ना. बोटं धरतात, सुकतात. पाणी आहे." शिकवल्याप्रमाणे, एकेक गोष्ट सांगून. तिला वाटलं, आता पाठ केलेलं म्हणतोय. आधी तोंडातून जे निसटलं तेच खरं.

कोन्द्रात इल्यिच तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"तो पाणी म्हणतोय."

"खोटं बोलतोय."

"कशावरून?"

"मला तो नोर्मा म्हणाला."

बाजूच्या टेबलावरचा एक जण फिस्सकन हसला. कोन्द्रात हसला नाही. तो तिला ओळखत होता. दाब उतरतोय, माणसांचे डोळे लाल आहेत, आणि ही बाई, जी उगाच तोंड उघडत नाही, ती आपल्याच लाडक्या पोराला खोटारडा म्हणतेय. एवढं पुरेसं होतं, किंवा त्याला तसं वाटलं. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, खाली आणू.

फीमाने रेडिओवरून विनवण्या केल्या. एक आठवडा द्या म्हणाला, तीन दिवस द्या म्हणाला, मग मोठ्याने शिव्या दिल्या, आणि मग गप्प झाला. फेरा बंद करून दोघं उतरणाऱ्या यानात बसले. स्टेपच्या माळावरच्या बर्फात त्यांना खुर्चीत उचलून बाहेर काढलं. रोदिओन कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होता. फीमाने तोंडावर टोपी ओढून घेतली होती. रक्त तपासलं, मूत्र तपासलं, काही सापडलं नाही. वेळेत आणलं म्हणून वाचले, असं सगळे म्हणाले. आग्नियाच्या खांद्यावर लोक थापा मारून जात.

रिकामं बेरेग वर फिरत राहिलं. आता तिथे जगवायला कुणी नव्हतं, तरी आग्निया रोज टेबलाशी बसून दाब बघायची. सवय म्हणा. स्थानक गारठत गेलं तसा दाब अजून उतरला. तिला वाटलं, आता संपणार. पण एका जागी येऊन तो थांबला. आठवडा गेला, महिना गेला, वसंत आला, दाब तिथेच. गळकी नळी अशी थांबत नाही. गळकी नळी रिकामी होते.

तिने गणित पुन्हा काढलं. सावली धरली होती तिने, पण कमी धरली होती. नळ्यांची बाजू तिने मानली त्याहून कितीतरी जास्त वेळ काळोखात राहिली होती. सगळी उतरण त्यातच बसत होती, काही उरत नव्हतं. फेरा धडधाकट होता. पत्र्यामागे साधं पाणी होतं आणि फीमाच्या बोटांनी ते बरोबर ओळखलं होतं. त्या दिवशी ती घरी चालत गेली, वाटेत बाकावर बसली आणि लोक बघताहेत याची पर्वा न करता रडली. इतकं ती ग्लेबसाठीही रडली नव्हती.

मग ती कोन्द्रात इल्यिचकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, उठून दार लावलं. म्हणाला, बेरेग समुद्रात बुडवायचं ठरलंय, नवी माणसं पाठवायचं बळ आता कुणात नाही. हे सांगून कुणाचं भलं होणार आहे? शेवयाला कोण परत वर पाठवणार, त्याचं वय झालं. आग्निया उठली. तो तिला दारापर्यंत सोडायला आला आणि दारात तिचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याला तिची कीव येत होती, आणि ते तिला शिक्षेपेक्षा जड गेलं.

बेरेग बुडालं त्या दिवशी हॉलमधली माणसं उभी राहिली होती. दाबाचा शेवटचा आकडा आला तोही जागच्या जागी होता. मग पडदा रिकामा झाला. आग्नियाने त्याच महिन्यात निवृत्ती घेतली.

फीमाबद्दल कानावर यायचं. दूर कुठल्या तरी कार्यालयात बसवलाय. पितो. जिन्यात झोपलेला सापडला. तिने दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. काय बोलणार होती?

सप्टेंबरात ती गावाबाहेरच्या आपल्या तुकड्यावर बटाटे काढत होती, तर कुंपणाच्या फाटकाशी तो उभा. दाढी वाढलेली, पण शुद्धीत. रामराम ना श्यामराम, त्याने फावडं उचललं आणि ओळ उकरायला घेतली. ती मागून बटाटे वेचत राहिली. अशी अर्धी ओळ झाली असेल.

"त्या दिवशी मी नोर्मा का म्हणालो, ते मला खरंच ठाऊक नाही," तो पाठमोराच म्हणाला. "रोदिओन पत्रा धरून बोंबलत होता, संपर्क संपत आला होता. तोवर मी बोटं चोळलीही नव्हती. निघालं तोंडातून. दमलो होतो, बस."

आग्निया वाकलेलीच राहिली.

"मग चोळली. मला पाणी लागलं. पण तुम्ही गळती म्हणालात, आणि तुम्ही चुकत नाही. तेव्हापासून मी नळाखाली हात धरून बघतो, चहात बुडवून बघतो. कळेनासं झालंय मला." त्याने फावडं जमिनीत रोवलं आणि तिच्याकडे वळला. "आग्निया पाव्लोव्ना, ते पाणी होतं का?"

तिने हातातल्या बटाट्याची माती पुसली.

"पाणी असेल तर सांगू नका," तो म्हणाला आणि हसला. मग हसू गेलं. "नाही, सांगा. पण पाणी असेल तर सगळं आयुष्य मी कशापायी घालवलं? मग मी काय करीन, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

त्याचे डोळे बघून तिला कळलं की हे धमकावणं नाही. खरं सांगावं तर त्याची बोटं त्याला परत मिळतील, आणि ती घेऊन तो रात्री कुठे जाईल कोण जाणे. तिला स्वतःची किळस आली, पण विचार करायला सवड नव्हती.

"ग्लायकॉल होता, फीमा," ती म्हणाली. "गार पत्र्यात हात घालून तुझी बोटं बधिर झाली होती. तुला कळलं नाही. कुणालाच कळलं नसतं."

"नक्की?"

"मागाहून दाब बघितला मी. फेरा रिकामा झाला."

तो उलट्या बादलीवर बसला आणि तोंड हातात घेऊन रडला. मोकळा होऊन रडला, तापातून उठलेलं मूल रडतं तसा. मग नाक पुसत म्हणाला, "म्हणजे माझी बोटंच गाढव. आणि मी तुम्हाला मनात किती शिव्या घातल्या." उरलेली सगळी ओळ त्याने एकट्याने काढली, पोती बांधून दिली, आणि जाताना वाकून तिच्या मातीने भरलेल्या हाताचं चुंबन घेतलं.

त्याने दारू सोडली. खरोखर सोडली. बायको परत आली नाही, पण तो माणसात आला. केंद्राने त्याला नव्या उमेदवारांना शिकवायच्या कामावर घेतलं आणि तो मन लावून शिकवतो, असं सगळे सांगतात.

दर वर्षी एप्रिलमधल्या अंतराळदिनाला रोदिओन बसार्गिनच्या घरी पंगत असते. उकडलेले बटाटे, खारवलेली हेरिंग मासळी, काकडीचं लोणचं, वोदका, आणि फीमासाठी बेरीचं सरबत. आग्नियाला गाडी पाठवून आणतात. पहिल्या वर्षी तिने आजारपणाचं निमित्त सांगितलं, तर रोदिओनची बायको क्लावदिया ताटं बांधून तिच्या घरी आली. मग ती जाऊ लागली. क्लावदिया तिला टेबलाच्या टोकाला बसवते आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, तुमच्यामुळे माझा नवरा घरी आला. रोदिओनच्या नातवंडांनाही ती गोष्ट आता पाठ आहे.

यंदा फीमाने चार उमेदवारांना बरोबर आणलं होतं. तो उठून उभा राहिला, सरबताचा ग्लास हातात घेऊन, आणि सगळी कथा त्याने स्वतःच रंगवून सांगितली. कसा तो पत्र्यात डोकं घालून बसला होता, कसा गाढवासारखा पाणी, पाणी म्हणत होता, आणि खाली बसलेल्या या बाईने एका शब्दावरून त्याचं खोटं कसं ओळखलं. लोक पोट धरून हसले. तोही हसत होता. मग तो उमेदवारांकडे वळला आणि गंभीर होऊन म्हणाला, "म्हणून तुम्हाला सांगत असतो. वर गेल्यावर आपल्या बोटांवर विश्वास ठेवायचा नाही. माझ्या बोटांनी मला फसवलं होतं. खालून सांगतील ते ऐकायचं."

चौघांनी माना हलवल्या. त्यांतली एक मुलगी नकळत अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळत होती. ती थांबली आणि तिने हात मांडीवर ठेवला.

आग्नियाने तोंड उघडलं. फीमा तिच्याकडेच बघत होता, दाढी नीट केलेला, स्वच्छ डोळ्यांचा, सगळ्यांत जास्त आनंदात. क्लावदियाने तिचा ग्लास भरून तिच्या हातात दिला, सगळे तिच्या नावाने उठून उभे राहिले, आणि ती प्यायली.